बालिता, बाहांदी आणि आमचा दादा

आमच्या दादाने साउथहॅम्प्टनात तीसेक वर्षं बस चालवली. एखादी म्हातारी स्टॉपकडे लगबगीने येताना आरशात दिसली की हा थांबायचाच, मग मागे लोक कितीही कुरकुरोत. माणूस म्हणाल तर लाखात एक. म्हणूनच त्याने भर सभेत जे केलं ते आठवलं की अजून माझे कान तापतात. मी नंदा, त्याची धाकटी बहीण, राहते ब्रिस्टलला. हे मलाच सांगायला हवं, कारण तो हल्ली या विषयावर तोंडच उघडत नाही.

आमचे बाबा मालवणकडचे, बोटीवर खलाशी. बोट सोडून ते साउथहॅम्प्टनच्या गोदीत कामाला लागले आणि आम्हाला इकडे घेऊन आले, तेव्हा दादा दहा वर्षांचा होता आणि मी सहाची. दादाचं शाळेत कधी जमलं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, मग गॅरेज, मग बस. नाव श्रीनिवास केळुसकर, पण डेपोत सगळे त्याला 'स्रीनी' म्हणत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची सोय नाही, एकदम उखडतो. बाबा गेले, मी लग्न करून ब्रिस्टलला गेले आणि दादा आईबरोबर साउथहॅम्प्टनच्या शर्ली भागातल्या आमच्या जुन्या घरात राहिला.

त्याला सलायचं ते एकच, आमचं मराठी मंडळ. तिथे आता सगळे हॉस्पिटलचे डॉक्टर, पुण्याहून आलेले सॉफ्टवेअरवाले, फायनान्सवाले. कार्यक्रम म्हटला की दादाने खुर्च्या मांडायच्या, व्हॅनमधून जेवण आणायचं, शेवटी हॉल झाडायचा. 'काका, काका' सगळे करत, पण स्टेजवर कुणी कधी बोलावलं नाही. दादा म्हणायचा, "मला काय करायचंय तुमचं स्टेज?" पण मला कळत नव्हतं थोडंच! त्याला तेच हवं होतं.

रिटायर झाल्यावर तो बंदरावर व्हॉलंटियर म्हणून मिनिबस चालवायला लागला. क्रूझच्या बोटी लागल्या की खलाशांना थोडा वेळ सुट्टी मिळते, त्यांना दुकानांत न्यायचं आणि परत आणून सोडायचं. त्यात फिलिपिनो आणि इंडोनेशियन पोरं खूप. एका इंडोनेशियन पोराने त्याला फोनवर बायकोचा फोटो दाखवला आणि बायकोला त्यांच्याकडे काय म्हणतात ते सांगितलं. झालं! त्या दिवसापासून दादा वेडा झाला.

"नंदे, ऐक! बायकोला इस्त्री म्हणतात, म्हणजे आपली स्त्री! नवऱ्याला सुआमी, आपला स्वामी! जमिनीला बूमी, भाषेला बाहासा!"

"दादा, मी शाळेच्या रिसेप्शनवर आहे रे. समोर पेरेंट्स उभे आहेत."

"आणि प्रेमाला काय म्हणतात माहितीये? चिंता! आपली चिंता तिकडे जाऊन प्रेम झाली बघ."

हे मात्र मला आवडलं. संध्याकाळी भांडी घासताना तेच डोक्यात घोळत होतं. चिंता म्हणजे आपल्याकडे सुद्धा आधी नुसता विचार, मग काळजी. आपल्या लोकांनी काळजीपाशी गाडी थांबवली, ते आणखी एक स्टॉप पुढे गेले, असं दादाचं म्हणणं. बस ड्रायव्हरच तो. लायब्ररीतून जाडजाड पुस्तकं आणायचा, चष्मा कपाळावर ढकलून वाचायचा. जुन्या काळी आपले व्यापारी, भटजी, बौद्ध भिक्षू जहाजांनी तिकडे गेले आणि त्यांच्याबरोबर संस्कृत गेली, हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं की आमच्या घरी तो फोनवर आला की पोरं म्हणायची, "मम्मी, जहाज आला."

त्याच सुमाराला आईचं विसरणं वाढलं. बिस्किटांच्या फॅक्टरीत वीस वर्षं काम करून कमावलेलं तिचं इंग्रजी हळूहळू गेलं. मग चारचौघांतली मराठीही गेली आणि उरली ती मालवणी. तिला सांभाळायला एजन्सीच्या केअरर यायच्या, आई त्यांच्यावर हात उगारायची, चावायचीसुद्धा. एकही टिकेना. दादा अगदी रडकुंडीला आला होता, आणि तेव्हा मारिसेल आली.

मारिसेल फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरची, चाळिशीची, ठेंगणी, सतत काहीतरी गुणगुणणारी. तिची भाषा सेबुआनो. नवरा बोटीवर, दोन मुलं तिच्या आईकडे सेबूला. पहिल्याच आठवड्यात तिने दादाला विचारलं, आजी जे बोलते ते कसं म्हणायचं ते शिकव. केअररला लागणारे शब्द ती आधी शिकली. हगणं, मुतणं, कूस बदल, तोंड उघड, उगी उगी. मग बाकीचे. सांगते तुम्हाला, माझ्या पोरांना जी मराठी येत नाही ती मारिसेलला दीड वर्षात आली. आई तिला मारी म्हणायची आणि तिच्या हातून गुपचूप जेवायची. मी दादाला 'दादा' म्हणते हे ऐकून तीही त्याला दादाच म्हणायला लागली.

आई झोपली की दोघं किचनमध्ये चहा घेऊन बसत. मारिसेल एकेक शब्द सांगायची आणि दादा उड्या मारायचा. बातमीला बालिता, ती आपली वार्ता. धनदौलतीला बाहांदी, ते आपलं भांड, जुन्या अर्थाने माल. उपवासाला पुआसा. परीसारख्या देवीला दिवाता, आपली देवता. दादा प्रत्येक शब्दाला टेबलावर थाप मारून म्हणायचा, "आपलाच!"

मारिसेलला गंमत वाटायची, पण तिला स्वतःला आवडायचं ते वेगळंच. तिच्या नवऱ्याबरोबर बोटीवर इंडोनेशियन पोरं होती. त्यांचे कितीतरी शब्द आणि हिचे शब्द एकच निघाले. आकाशाला दोघांकडे लांगित, चंद्राला बुलान, मुलाला अनाक, पाचाला लिमा. कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत, दोन्ही भाषांच्या कुठल्यातरी एकाच पणजीकडचे. सांगताना तिचा चेहरा फुलायचा. "आपण बोटीतून जायच्या आधीपासून आमचे जुने लोक बोटीतून फिरत होते," असं ती मला एकदा म्हणाली होती, आणि 'आपण' म्हणताना तिने आमच्याकडे बोट दाखवलं होतं.

दोनला ती दुहा म्हणते, इंडोनेशियन लोक दुआ. दादा लगेच, "द्वि! आपलाच!"

"नो, दादा. हा आमचा."

"अगं, शोधतो मी. आपलाच असणार."

ती हसून कप विसळायला उठली. दादाने शोधलं नाही.

जानेवारीत मंडळाचा अध्यक्ष क्षितिज घरी आला. तिशीतला पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, मराठी भाषा दिनाला यंदा तुम्हीच बोला. तुमचं ते शब्दांचं, फार इंटरेस्टिंग आहे. पंधरा-वीस मिनिटं." दादाने मला फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. नवीन ब्लेझर घेतलं. आणि मारिसेलला म्हणाला, तूपण ये, पाच मिनिटं तुझ्या भाषेबद्दल तू बोल, मराठीत.

ती आधी नको नको म्हणाली, मग तयार झाली. मी शनिवारी गेले तर आईच्या खोलीतून तिचा आवाज. "नमस्कार. माझं नाव मारिसेल. माझी भाषा सेबुआनो. आमच्याकडे आकाशाला लांगित म्हणतात." आई उशांना टेकून बसलेली, दरवेळी टाळ्या वाजवायची. मारिसेल पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पंधरा दिवस हे असंच चाललं होतं, दादा म्हणाला.

कार्यक्रमाला आईला व्हीलचेअरवरून आणलं. मी तिच्या शेजारी, पलीकडे मारिसेल, पिवळा ड्रेस, केस नीट बांधलेले. तिने तिच्याकडचा तांदळाचा केक करून आणला होता, तो आमच्या बटाटेवड्यांशेजारी टेबलावर मांडलेला. हॉल गच्च भरला होता. दादाने सुरुवात काय सुंदर केली हो! इस्त्री-सुआमीला लोक हसले, चिंतेला सगळ्या हॉलने 'वाऽऽ' केलं. डॉक्टरमंडळी माना डोलवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, दादा, जिंकलास.

मग त्याने मारिसेलला वर बोलावलं. तिने भाषणाचा कागद पर्समधून काढला, पण दादाने तो बघितलाच नाही. म्हणाला, "मारिसेल, बातमीला काय म्हणतात?" ती म्हणाली, "बालिता." "ऐका, वार्ता!" टाळ्या. "धनाला?" "बाहांदी." टाळ्या. "उपवासाला? देवतेला? दोनला?" तो विचारत गेला, ती सांगत गेली, टाळ्या पडत गेल्या. शाळेत इन्स्पेक्टरसमोर पोरं उभी करतात ना, तशी ती उभी होती. मग तिने कागद वर केला आणि म्हणाली, "दादा, आता मी..."

पण दादाला टाळ्या चढल्या होत्या. तो हॉलकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "आता बघा गंमत. ही आमच्या आईचं हगणं-मुतणं काढते. पण तोंडात भाषा कुणाची? आपली! ह्या लोकांकडे स्वतःचं होतं काय? शब्दसुद्धा आपल्याकडून नेले!"

हॉल खो खो हसला.

मी मान खाली घातली. वर बघायची हिंमतच होईना. अहो, हगणं आणि मुतणं हेच तर तिने आमच्याकडून शिकलेले पहिले दोन शब्द! आणि दादाला हे माहीत होतं हो, त्यानेच शिकवले होते. तिला सगळं कळतं हे सगळ्या साउथहॅम्प्टनात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्याच्या तोंडून ते गेलं. आपण सगळे हेच करतो ना? बसमध्ये, दुकानाच्या लाइनीत, समोरच्याबद्दल खुशाल मराठीत बोलतो, त्याच्या नाकासमोर. मराठी सुरू झाली की आपण जणू घरात आणि बाकीचे बाहेर. एवढ्या मराठी टाळ्यांमध्ये ती त्याला बाहेरची दिसली.

तेवढ्यात क्षितिज शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर. आपल्याकडे काही झालं की सत्कार! तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढले. मारिसेल फोटो संपेपर्यंत उभी राहिली. मग नारळ टेबलावर ठेवला, माइकजवळ आली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "धन्यवाद. आजी दमली आहे. मी तिला घरी नेते."

ती खाली आली, खांद्यावरची शाल काढून आईच्या गुडघ्यांवर पांघरली आणि खुर्ची वळवली. आई खुशीत होती. मोठ्याने म्हणाली, "झाला काय गो तुजा भाषण?"

"झालं, आजी," मारिसेल म्हणाली.

त्या क्षणी धरणीने दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि मागून कुणीतरी बाई म्हणते, "अय्या, किती गोड मराठी बोलते!" वळून एक ठेवून द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी एजन्सीने दुसरी मुलगी पाठवली. मारिसेलने ते घर बदलून मागितलं होतं. कारण दिलं नव्हतं, तक्रारही केली नव्हती. ती मुलगी बिचारी चांगली होती, पण आईने तोंड मिटलं ते मिटलंच. "मारी खंय गेली?" एवढंच विचारायची. चमचा पुढे केला की मान फिरवायची. मी सुट्टी काढून गेले, दादाने हातापाया पडून बघितलं, दोन घास गेले तर गेले. जीपी, म्हणजे आमची फॅमिली डॉक्टर, येऊन गेली, म्हणाली असंच चाललं तर हॉस्पिटलमध्ये हलवावं लागेल. ह्या वयात, ह्या अवस्थेत. तिथून आई परत येणार नाही हे आम्हा दोघांना न बोलता कळत होतं.

आणि दादा काय करत होता? पुस्तकं घेऊन बसला होता! मी किचनमध्ये गेले तर म्हणतो, "नंदे, दुहा त्यांचाच आहे गं. आपला नाही. आणि लाजेला ते उलाव म्हणतात, इंडोनेशियन मालू म्हणतात. दोन्हींचा आपल्याशी काही संबंध नाही."

माझं डोकंच फिरलं. "दादा, पुरे झालं! आई वर उपाशी पडलीये आणि तू शब्द कसले शोधतोस? जाऊन तिची माफी माग!"

"कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणाला, आणि त्रेसष्ट वर्षांचा माणूस पुस्तकावर डोकं ठेवून रडायला लागला. रडू दिलं. गाडीची किल्ली घेतली आणि त्याला घेऊन गेले.

मारिसेल पोर्ट्सवुडला एका खोलीत राहायची. तिने दार उघडलं, आत या म्हणाली नाही. दादाने जिन्यातच उभं राहून, खाली बघत तिच्या भाषेत माफी मागितली. "पासायलोआ को." वाटेत गाडीत तो हेच घोकत होता.

ती इंग्रजीत बोलली, मराठी यायला लागल्यापासून आमच्याशी पहिल्यांदाच नुसत्या इंग्रजीत. म्हणाली, "तुम्ही मला हसलात तुमच्या भाषेत, हॉलभर लोकांसमोर. आणि माफी मागता माझ्या भाषेत, जिन्यात, जिथे ती कुणालाच कळत नाही." एवढंच. आवाज चढवला नाही. मग मला विचारलं, "आजी जेवते का?" मी नाही म्हटलं. तिचा हात दारावर तसाच राहिला, आणि मग दार लागलं.

पाडव्याच्या कार्यक्रमात दादाने क्षितिजकडे दोन मिनिटं मागितली. ब्लेझर नव्हतं, खुर्च्या मांडताना घातलेला स्वेटरच अंगावर. माइक हातात घेतला. म्हणाला, "मागच्या महिन्यात मी इथे मारिसेलबद्दल बोललो. जी बाई माझ्या आईला जगवते तिला मी तुमच्या हसण्यासाठी खाली पाडलं. तिला मराठी येते हे मला माहीत होतं. दुहा हा तिचा शब्द आहे, तो मी आपला म्हणून सांगितला, तेही खोटं होतं. मला लाज वाटते. ती इथे नाही, पण मी बोललो होतो इथे, म्हणून इथेच माफी मागतो."

आणि काय झालं असेल? टाळ्या! अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. क्षितिजने त्याला मिठी मारली, माइक घेतला आणि म्हणाला, "काकांसारखं मोठं मन लागतं हो असं बोलायला!" एक डॉक्टर म्हणाले, "अहो केळुसकर, एवढं काय मनावर घेताय, गंमत होती ती." दादा हात जोडून म्हणत होता, "टाळ्या नका रे वाजवू, नका वाजवू," पण टाळ्यांमध्ये कुणाला ऐकू जाणार? तो स्टेजवरून उतरला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मी गेले तर कार पार्कमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. "त्यांनी मलाच मोठा केला गं," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी मारिसेलला मेसेज केला. दादा काय बोलला ते सगळं लिहिलं, टाळ्यासुद्धा लपवल्या नाहीत. सकाळी उत्तर आलं, इंग्रजीत: आजीसाठी सोमवारी येते.

सोमवारी दादाने दार उघडलं. ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस्टर केळुसकर." कोट टांगला, टेबलावरची पेज उचलली आणि सरळ वर गेली. थोड्या वेळात वरून आईचं हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी. मी पाणी घेऊन वर निघाले. माझ्या पुढे दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर, आईच्या बंद दाराबाहेर उभा होता, हातात मारिसेलसाठी केलेला चहा. आत दोघी बोलत होत्या. मारिसेल तिला मालवणीत काहीतरी सांगत होती आणि आई मध्येमध्ये "होय गो?" म्हणत होती. दादाने दारावर टकटक करायला हात उचलला आणि पायाखालची फळी करकरली.

आतलं बोलणं थांबलं.

"कोण आसा गो थंय?" आईने विचारलं.

"कोण नाय, आजी," मारिसेल म्हणाली. "तू जेव."